तिसऱ्या फेजचं भांडण

जुळे सोलापूर
३ मार्च २०२५

ती. विजयमालाताईस,
रामहरीचा शि. सा. न. वि. वि.

काम पडलंय म्हणून लिहितोय, आठवण आली म्हणून नाही. दिवाळीत तू जे बोललीस त्यानंतर तुझा नंबर ब्लॉक केलाय, आणि तो तसाच राहणार आहे. फोनवर तू बोलत नाहीस, आयटीआयच्या वर्गात हजेरी घेतल्यासारखी ओरडतेस. गुरुशांत रोज तुमच्या मंगळवेढ्याची ज्वारी टेम्पोत घालून इकडे आणतो आणि संध्याकाळी रिकामा परत जातो. त्याच्या हाती हे पत्र देतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

दाजी हे पत्र वाचणारच, म्हणून त्यांना कळेल असं लिहितो. अण्णांचा लोखंड कातायचा लेथ मी घराच्या पार्किंगमध्ये शेड मारून बसवलाय. लेथला थ्री फेज लागते, घराला आहे सिंगल फेज. थ्री फेज घ्यायला सोसायटीनं ना हरकत दिली नाही, म्हणून मी फेज कन्व्हर्टर करून घेतला. सिंगल फेजवर एक थ्री फेज मोटर नुसती मोकळी फिरत राहते, तिच्यातून तिसरी फेज तयार होते आणि ती लेथच्या मोटरला मिळते. वर्षभर एकदम छान चाललं. आता तीन आठवडे झाले, मोकळी मोटर सुरू होते, पण लेथचं बटण दाबलं की पॅनेलमधला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर टरटर वाजतो, लेथ नुसता गुरगुरतो आणि सगळं बंद पडतं.

दोन वायरमन येऊन गेले. दुसरा तर लेथ भंगारात घाला म्हणाला. उजनीच्या काठावरचा अभिमन्यू दोन पंप शेडमध्ये टाकून गेलाय. त्यांच्या आसाचे बुश मला करून द्यायचेत. त्याच्या केळीला पाणी थांबलंय आणि तो रोज फोन करतोय.

तू वायरमन ट्रेडला शिकवतेस. काय तपासायचं तेवढं कळव. उपदेश नको. अण्णांचा लेथ मला मिळाला हे तुझ्या पोटात दुखतं, ते मला माहीत आहे. ते दुखणं या कामात आणू नकोस.

तुझा लोभ मला झेपत नाही, पण रीत आहे म्हणून लिहितो, असावा.

तुझा धाकटा भाऊ,
रामहरी


मंगळवेढा
५ मार्च २०२५

चि. रामहरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तू धाकटा म्हणून लिहावा लागतो, मनातून निघालाय असं समजू नकोस.

तुझं पत्र दाजींनी मोठ्यानं वाचलं. ते हसले, मला हसू आलं नाही. दोन बाजू भरून मोटर, पंप, सोसायटी, केळी, आणि अण्णा कसे आहेत याबद्दल एक अक्षर नाही. त्यांचा लेथ तेवढा पत्रात आला. तुझ्या लेखी त्या घरात राहतं कोण, लेथ की अण्णा?

आता कामाचं. 'टरटर वाजतो' याला तपासणी म्हणत नाहीत. माझ्या वर्गातल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी वही परत फेकली असती. मीटर घे. पॅनेलमधून लेथकडे तीन वायरी जातात. पहिल्या दोन तुझ्या घरच्या लाइनच्या, तिसरी मोटरनं तयार केलेली. मोकळी मोटर चालू ठेवून दोन दोन वायरींमधलं व्होल्टेज लिहून काढ. मग लेथ लावताना तेच परत बघ. तिसऱ्या वायरीचं व्होल्टेज घसरत असेल तर कपॅसिटर गेलेत. स्वस्तातले बसवले असणार, मी तुला ओळखते. वरून फुगलेत का बघ. हात लावण्याआधी मेन बंद कर आणि एका बल्बच्या दोन वायरी लावून त्यातली साठलेली वीज काढून टाक. बंद पॅनेलमधला कपॅसिटरही माणसाला फेकून देतो. एवढं तरी ऐक.

आणि पोटदुखीबद्दल. त्या लेथवर आटे पाडायला अण्णांनी आधी मला शिकवलं. तू तेव्हा शेडच्या दारात चेंडू घेऊन उभा असायचास. मी लग्न होऊन जाणार म्हणून लेथ तुला दिला. मी तेव्हा बोलले नाही, आजही मागत नाही. दिवाळीत मी अण्णांना चार महिने इकडे न्यायचं म्हणाले, तर तू दारात आडवा उभा राहिलास. त्यावर मी जे बोलले ते परत बोलेन.

आकडे खरे लिही. बाकी लोभ कमी पडला तरी चालेल.

तुझी,
विजयमालाताई


जुळे सोलापूर
११ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडम, वही तपासायला घ्या.

पहिल्या दोन वायरींत २३१. तिसरीशी धरलं तर एका बाजूला २१२ आणि दुसऱ्या बाजूला १७०. लेथचं बटण दाबलं की १७० चे १२० होतात आणि टरटर सुरू होते. एक कपॅसिटर फुगलेला होता. म्हणजे तुझं बरोबर निघालं, घे, पेढे वाट. ते स्वस्तातले नव्हते, पण तुला सांगून उपयोग नाही. मी सगळे नवे आणून बसवले. बल्ब लावून वीज काढली, ठिणगी पडली, मी जिवंत आहे. आता मोकळ्या मोटरवर तिन्हीकडे २२० च्या वर मिळतात. आणि तरीही लेथचं बटण दाबलं की टरटर. तशीच. आता बोल, तुझं पुस्तक काय म्हणतं?

अभिमन्यू परवा येऊन तासभर शेडबाहेर बसला. चिडला नाही, नुसता बसून राहिला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांचं विचारलंस. लिहिलं नव्हतं कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नाही. नावं विसरतात, ते तुला माहीतच आहे. गेल्या महिन्यापासून एक नवीन खूळ घेतलंय. लेथ चावतोय म्हणतात. सकाळी मी मोकळी मोटर लावून बघत असतो, तेव्हा सडा मारून झाला की सवयीनं शेडमध्ये जातात, लेथच्या बेडवरून हात फिरवतात आणि एकदम ओरडत बाहेर येतात. येईल त्याला सांगतात, की ह्यो चावतुया, लई चावतुया, बांधून घाला ह्याला. शेजारची पोरं हसतात. मी त्यांच्यासमोर दहादा लेथवर हात ठेवून दाखवला, मला काही होत नाही. तर मला म्हणाले, की तुला वळखतोय म्हणून चावत न्हाय. ऋतुजानं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयामुळं असे भास होतात. एक गोळी दिली. आता दुपारभर झोपून असतात. शेडला मी कुलूप घातलंय, म्हणजे तो विषय संपला.

आधी घरातलं ते गळतीचं बटण, ईएलसीबी, मोकळी मोटर लावली की सारखं पडायचं. त्या दुसऱ्या वायरमननं लेथची अर्थची वायर सोडून ठेवली, तेव्हापासून पडत नाही. तेवढं एक काम त्यानं चांगलं केलं. पण कॉन्टॅक्टरचं त्याला जमलं नाही.

तर आता कॉन्टॅक्टरचं सांग. आणि अण्णांना इकडून हलवायचा विषय काढू नकोस. आजारी माणसाला एसटीत घालून गावं फिरवायची नसतात.

लोभ असेल तर पुढचं उत्तर टोमण्यांशिवाय असावं.

रामहरी


मंगळवेढा
१४ मार्च २०२५

चि. रामहरीस,
आशीर्वाद.

काल तू ऐकायच्या स्थितीत नव्हतास, आणि तुझ्या बायकोलाही तू बोलू दिलं नाहीस. म्हणून काय घडलं ते क्रमानं लिहून देते. म्हणजे उद्या नातेवाइकांत तू दुसरंच काही सांगायला नको.

तुझं पत्र गुरुशांतनं काल सकाळी आयटीआयच्या गेटवर आणून दिलं. अर्थची वायर सोडली ही ओळ वाचली, तिच्या वरची अण्णांची हकिकत परत वाचली. तुला फोन केला, लागला नाही, ब्लॉक. ऋतुजाला केला, तिनं उचलला नाही. वर्ग तसाच सोडून मीटर पिशवीत टाकलं आणि मिळेल त्या एसटीनं निघाले.

घरी आले तेव्हा तू नव्हतास. अण्णा आत झोपले होते. मी हाक मारली तर डोळे उघडले, मला ओळखलं, आणि परत मिटले. ऋतुजाकडून शेडची किल्ली घेतली. तिच्यावर चिडू नकोस, मी जवळजवळ हिसकावून घेतली. मोकळी मोटर चालू केली. मीटरची एक वायर लेथच्या बेडला लावली आणि दुसरी नळाखालच्या ओल्या मातीत खुपसलेल्या खिळ्याला. काटा नव्वद व्होल्टच्या पुढे गेला. लेथच्या अंगात वीज होती, रामहरी. मशीन बंद दिसत होतं आणि सगळं लोखंड जिवंत होतं.

मी मेन बंद केला आणि लेथच्या मोटरचा डबा उघडला. कॉन्टॅक्टर टाळून थेट आलेली एक वायर डब्याच्या पत्र्यावर घासून उघडी पडलेली, तिच्यावर कातताना सोडायच्या कुलंटचं पाणी आणि काळा चिकटा. तिथून गळती होऊन वीज अंगात उतरत होती. गळतीचं बटण तेच ओरडून सांगत होतं, तर तुम्ही अर्थची वायर सोडून त्याचं तोंड बंद केलंत. तू रबरी चप्पल घालून रबरी चटईवर उभा राहतोस, म्हणून तुला काही होत नाही. अण्णा सडा मारून ओल्या पायांनी, अनवाणी आत जातात. त्यांना चावत होता. ते खरं सांगत होते. जित्या माणसानं खरं सांगितलं म्हणून तू त्याला वेड्याची गोळी दिलीस.

हे मी ऋतुजाला सांगत होते तेव्हा तू आलास, माझ्या हातातलं मीटर ओढून फरशीवर आपटलंस आणि घर फोडायला आलीस म्हणून ओरडलास. वरच्या तिन्ही गॅलऱ्यांत लोक उभे होते. मीही बोलले. अण्णांना मारायला निघालास म्हणाले. ते शब्द मी मागे घेत नाही.

नव्या वायरी, नवी अर्थिंग होईपर्यंत मेन चढवायचा नाही. कॉन्टॅक्टरचं उत्तर सांगते, तुझी मोकळी मोटर लहान पडतेय. निदान पाच एचपीची घे. आणि अण्णांना मी नेणार. येत्या पाडव्यापर्यंत तू स्वतः आणून सोडलं नाहीस तर काकांना आणि सगळ्या भावकीला घेऊन येईन.

या पत्राखाली लोभाचं काही लिहीत नाही.

विजयमाला


जुळे सोलापूर
२० मार्च २०२५

सौ. विजयमालाताईंस,
रामहरीचा नमस्कार.

तुम्ही आता आमच्या ताई राहिला नाहीत, निरीक्षक झालात, म्हणून 'तुम्ही' असंच लिहितो.

भावकी आणा. चहा ठेवतो. पण येण्याआधी हे वाचा.

नळाजवळ खड्डा खणून तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून नवी अर्थिंग केली आहे. पार मोटरच्या डब्यापर्यंत सगळ्या वायरी नव्या टाकल्या. अर्थ जोडली आणि ईएलसीबी पडत नाही. लेथचं लोखंड आणि ओली माती यांच्यामध्ये आता मीटर शून्य दाखवतं. तुम्ही आपटायला लावलेलं ते मीटर नाही, मी दुसरं घेतलं. तुमचं दुरुस्त करून गुरुशांतकडे दिलं आहे.

दुसरं, तुमची पाच एचपीची मोटर लागली नाही. तुमचं उत्तर चुकलं. तीन दिवस मी पॅनेलमधली एकेक वायर बोटानं धरून शेवटपर्यंत गेलो. कॉन्टॅक्टरला ओढून धरणारी कॉइल कन्व्हर्टर करून देणाऱ्या वायरमननं तिसऱ्या फेजवर जोडली होती, मोटरनं तयार केलेल्या. वर्षभर तिनं कसंबसं धरलं. आता लेथ लावला की ती फेज क्षणभर खाली येते, कॉइल सुटते, फेज वर येते, कॉइल परत धरते. टरटर त्याची होती. मी कॉइल घरच्या सरळ लाइनवर घेतली. लेथ पहिल्या फटक्याला फिरला. अभिमन्यूचे बुश करून दिले, त्याचे पंप चालू झाले, तो केळी ठेवून गेला. हे तुमच्या वर्गातल्या पोरांना शिकवा, आणि कुणी शोधलं तेही सांगा.

अण्णांच्या बाबतीत वायर सोडू दिली ती मी. ते मला कुणी सांगायला नको. पण मी त्यांना मारायला निघालो हे तुम्ही तिन्ही गॅलऱ्यांना ऐकवलंत. रोज त्यांना आंघोळ घालतो ते मी. जेवताना घास अडकला की पाठ चोळतो ते मी. तुम्ही वर्षातून दोनदा येऊन कोण किती चुकलं ते मोजता. त्या दिवशी तुम्ही अण्णांसाठी आला असाल, पण गेलात जिंकून.

काल मी त्यांना हात धरून शेडपर्यंत नेलं. सगळं नीट झालंय, बघा तरी, म्हटलं. दारातूनच मागे फिरले. तुमच्या त्या आरडाओरड्यानं त्यांनी धसका घेतलाय. अण्णा कुठेही जाणार नाहीत.

आपला लोभ आपल्यापाशीच असावा.

रामहरी


जुळे सोलापूर
२४ मार्च २०२५

ती. ताईंना,
ऋतुजाचा सा. न.

हे पत्र यांना दाखवूनच पाठवते आहे. तुमच्या दोघांची पत्रं मी वाचली आहेत. दोघांनाही सांगते, तुम्ही दोघं भांडताना सारखेच दिसता. त्या दिवशी तुमच्यामध्ये मी उभी होते, हे दोघांच्याही ध्यानात नाही.

अण्णांनी धसका तुमच्या ओरडण्याचा घेतलेला नाही. डॉक्टरांना मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ती गोळी बंद करायला सांगितली. चार दिवसांत अण्णा दुपारचे जागे राहायला लागले, शेजारच्या तानाबाईंना नावानं हाक मारली. मग एका संध्याकाळी मी यांना म्हटलं, की अण्णांना कुणीतरी सांगा तरी, तुमचं बरोबर होतं म्हणून. हे त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, की लेथ खरंच चावत होता, अण्णा.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, की तुमी मिशीनला इचारलंसा, मीटरला इचारलंसा, डाक्टरला इचारलंसा. मी हितंच बसलेलो व्हतो की. एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

तेव्हापासून हे शेडमध्ये जातात, मोकळी मोटर चालू करतात आणि नुसते बसून राहतात. मागचं पत्र त्यांनी तुम्हाला चढ्या आवाजात लिहिलं, पण ते लिहिताना मी त्यांना पाहिलंय.

आज सकाळी अण्णांनी स्वतःच मला सांगितलं, की मला मंगळवेढ्याला धाडा. किती दिवसांसाठी ते बोलले नाहीत. मी यांना सांगितलं. यांनी बॅग माळ्यावरून काढून दिली.

तेव्हा भावकी आणू नका. आणि अण्णा आले म्हणून आपण जिंकलो, असं कृपा करून समजू नका.

आमच्यावरचा राग संपल्यावर लोभ असू द्या, घाई नाही.

ऋतुजा


जुळे सोलापूर
२८ मार्च २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

अण्णांना पाठवतोय. गुरुशांत पुढच्या सीटवर बसवून हळू आणतो म्हणाला. मी सोबत येणार होतो, ते नको म्हणाले.

भाकरी दुधात कुस्करून दे, कोरडी गिळताना ठसका लागतो. आंघोळीचं पाणी तू घेतेस तसं कढत नको. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्या बाजूला बसून बोल. ओरडू नकोस. ओरडलं की त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे मला उशिरा कळलं.

तुझ्या घरातली अर्थिंग बघून घे. तू शिकवतेस हे खरं, पण बघून घे.

तू मारायला निघालास म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्नही करत नाही.

रामहरी


मंगळवेढा
३१ मार्च २०२५

चि. रामहरीस,
आशीर्वाद. या वेळी मनापासून आहे, तू काहीही समज.

अण्णा सुखरूप पोचले. गुरुशांतनं वाटेत दोनदा थांबून चहा पाजला. घरातली अर्थिंग मी तुझं पत्र वाचून नाही, त्याआधीच तपासली होती, आणि वाचल्यावर परत तपासली. कॉइलचं तू शोधलंस ते बरोबर आहे. माझं उत्तर चुकलं होतं. तुझा पॅनेल मी वर्गात फळ्यावर काढला आणि तुझं नाव सांगितलं. याचा अर्थ बाकीचं मिटलं असा घेऊ नकोस. तू माझं मीटर आपटलंस, मी तुला नको ते बोलले. दोन्ही तसंच आहे.

आता जे लिहिते ते दाजींनाही वाचायला दिलेलं नाही.

आल्या दिवशी अण्णांना पाणी हवं होतं. फ्रिजपाशी गेले आणि थांबले. मग उजवा हात पालथा केला, बोटांच्या पाठीनं दाराला किंचित शिवले, झटकन मागे घेतला, परत शिवले, आणि मग मूठ धरून दार उघडलं. मला वाटलं, जुने कारागीर वीज उतरलीय का बघायला सवयीनं करतात तसं असेल. पण त्यांनी नळाला तसंच केलं. दाराच्या कडीला तसंच. स्टीलचा पेला मी त्यांच्यापुढे धरला, त्यालाही आधी हाताची पाठ. ओसरीवरच्या लाकडी बाकावर बसण्याआधीही. विचारलं तर नुसतं हसतात. लाकूड आहे, अण्णा, लाकडाला काय होतंय, म्हटलं, तर मान हलवली आणि पुन्हा शिवून बघितलं.

काल पाडवा होता. गुढी उभी करून मी त्यांच्या पाया पडले. ते बाकावर बसले होते. मी वाकून राहिले, हात काही डोक्यावर येईना. मान वर करणार एवढ्यात केसांना काहीतरी हलकं लागलं. हाताची पाठ होती. लागली, मागे गेली, परत लागली. थोडा वेळ थांबले. मग तळवा उलटा करून पूर्ण हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

मी उठले नाही. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून तशीच वाकून राहिले.

रामहरी, तू आलास तर तुझ्याही डोक्याला तसंच करतील. तुला आधी ओळखायचा म्हणून लेथ चावत नव्हता, असं ते म्हणाले होते. आता ते ओळखीच्या माणसालाही आधी शिवून बघितल्याशिवाय धरत नाहीत. ते सोसायची तयारी असेल तर ये. मला भेटू नकोस, बोलू नकोस, वाटलं तर मी तेवढा वेळ बाहेर जाते. पण ये, आणि हात पूर्ण टेकेपर्यंत वाकून राहा.

ताई